मोगऱ्याची कुपी आणि टाकी

एके काळी राजवाड्याला अत्तर पुरवणाऱ्या पेढीत एक काचेची कुपी होती. नवं अत्तर तिच्यातल्या मोगऱ्याशी ताडून पाहायचं, मगच विकायचं, असा तिथला रिवाज होता. पुढे पेढीचा कारखाना झाला. मोठी टाकी आली, हजारो छोट्या बाटल्या आल्या.

टाकी म्हणाली, "आजीबाई, आता ताडायचं कशाला? थोडी फुलं, भरपूर पाणी. बाजारातल्या लोकांना काय कळतंय?"

कुपी भडकली. "राणीला नाक होतं आणि भाजीवालीला नाही होय गं?" असं म्हणत तिनं स्वतःचं बूच उडवलं. मोगरा दरवळताच बाटल्यांनी टाकीकडून तोंडं फिरवली. म्हणाल्या, "आम्हाला हाच हवा. नाहीतर आम्ही रिकाम्याच बऱ्या."

टाकीनं निमूटपणे पोती भरभरून फुलं मागवली.

आठवडी बाजारात भाजीवालीनं कानामागं थेंब लावला, तशी शेजारची मिरचीवाली सरसावून बसत म्हणाली, "काय गं, आज मेण्यातून उतरलीस वाटतं? आण इकडं ती बाटली."