हरिणीचे सत्कार

बाभळींच्या एका माळावर एक हरिणी राहत असे. मुलांनो, तिच्याइतके वेगाने पळणारे त्या माळाने दुसरे कुणी पाहिले नव्हते. लहानपणी मात्र ती स्वतःच्याच पायांत अडखळून पडे. बाभळीखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या टिटवीने तिचे पाय हेरले. रोज पहाटे टिटवी ओरडायची आणि हरिणीने समोरच्या वारुळापर्यंत जीव तोडून पळायचे. परत आली की टिटवी म्हणे, "पुन्हा." शाबासकी द्यायची तिला सवयच नव्हती. पण हरिणीचा तिच्यावर भारी जीव होता.

सात माळांच्या शर्यतीत हरिणी पहिली आली, तेव्हा कोल्ह्याने तिचा सत्कार ठेवला. मग मोराने ठेवला, सशांनी ठेवला. रानडुकरांचे आपसांत पटत नसल्यामुळे त्यांनी दोन वेगवेगळे ठेवले. हरिणी पडली भिडस्त. कुणाचाच शब्द तिला मोडवेना. दिवसभर पाय मुडपून बसायचे, भाषणे ऐकायची आणि कंटाळा आला की गळ्यातले कोवळ्या पालवीचे हार खाऊन टाकायचे. मोर तर तिच्यापेक्षा स्वतःच्या पिसाऱ्याबद्दलच जास्त बोले. पहाटे टिटवी ओरडून ओरडून थके, आणि हरिणी दमून झोपलेली असे.

पुढच्या वर्षी शर्यतीत ती पाचवी आली. घरी परतताना कोल्हा दिसला, पण तो तिला पाहून दुसऱ्या वाटेने निघून गेला. हरिणीला फार वाईट वाटले. बाभळीखाली येऊन ती रडू लागली. "मावशी, माझं पळणं संपलं गं."

टिटवीने विचारले, "पाय दुखतात का?"

"नाही."

"मग ऊठ. वारुळापर्यंत."

वर्षभर हरिणीने एकही पहाट चुकवली नाही आणि ती पुन्हा पहिली आली. लगेच कोल्हा हजर. "ताई, उद्या सत्कार. नाही म्हणायचं नाही हं." हरिणीला नाही म्हणवेना. टिटवीने वारुळाकडे मान वळवली. तिच्याकडे पाहून हरिणी म्हणाली, "येते की. पण पहाटे या, आणि हार घेऊन त्या वारुळापाशी उभे राहा."

दुसऱ्या दिवशी सगळे प्राणी जांभया देत वारुळापाशी जमले. टिटवी ओरडली. हरिणी सुसाट आली, हारात मान घातली आणि कोल्हा घसा साफ करेपर्यंत माघारी वळलीसुद्धा. "पुन्हा," बाभळीखालून आवाज आला. त्या पहाटे बारा हार झाले आणि बारा वेळा पळणे झाले. मोराचे भाषण मात्र राहूनच गेले.

तात्पर्य : कौतुकाचा हार आनंदाने घ्यावा, पण त्यासाठी पळणे सोडून बसू नये.