ठमी जीपचं ॲव्हरेज

गाड्या आपसांत बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. "ठमी जीप उद्या भंगारवाल्याकडे..." एवढं मालकाचं अर्धंच बोलणं ऐकून चोंबडी कोंबडी सांगत सुटली. म्हाताऱ्या ठमीच्या कानावरही ते आलंच.

शेजारची नवी जीप फुरफुरली, "आता धनगरवाड्यावर पाणी मीच नेणार! माझ्या इंजिनाची ताकद बघ!"

"ने की गं बाई," ठमी म्हणाली. "पण ॲव्हरेज किती देतेस?"

"असलं मला विचारायचं नाही!"

पाण्याची पिंपं घेऊन निघालेल्या नवीने वाड्याच्या चढणीला एवढा जोर केला, की चाकं जागीच फिरली, चिखल उडाला आणि अर्ध्या वाटेत डिझेल संपलं. मालकाने ठमीला तिथवर आणून पाण्याची पिंपं तिच्यात चढवली. पहिल्या गिअरमध्ये, घोट घोट डिझेल पीत, ठमी थेट वर पोचली. वाड्यावरच्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी ठमी भंगारवाल्याकडे गेली खरी. पण मालकाला घेऊन, पाण्यासाठी आणखी एक पिंप आणायला!