मेथीचा दाणा हिरवा होईना

थंडीचे दिवस. चौथा मजला. खिडकीत एक टब.
कावेरीच्या बाबांनी टबात भिजवलेली मेथी पेरली. एक दाणा मुठीतून निसटला. टुणुक! पडला कट्ट्यावर.
सगळे दाणे मातीत. हा एकटाच बाहेर. भिजलेला दाणा वाळला, की उगवतच नाही. आता काय करायचं?

टुणुक टुणुक, दाणा गेला टबाच्या काठावर.
“मातीबाई, मातीबाई, मला कुशीत घे. मला हिरवं व्हायचंय.”
“मी आहे कोरडी. पाणी भिजवेल, तर घेईन.”

टुणुक टुणुक, दाणा गेला झारीकडे.
“पाणीभाऊ, पाणीभाऊ, मातीला भिजव. माती घेईना, मी हिरवा होईना.”
“मी आहे गारगार. ऊन येईल, तर भिजवीन.”

टुणुक टुणुक, दाणा गेला काचेपाशी. पडद्याच्या फटीतून त्याने वर पाहिलं. बाप रे, केवढं मोठं ऊन! आभाळभर. दाणा जरासा घाबरलाच.
“ऊनदादा, ऊनदादा, आत ये. पाणी भिजवेना, माती घेईना, मी हिरवा होईना.”
“मी आहे बाहेर. पडदा सरकेल, तर येईन.”

टुणुक टुणुक, दाणा गेला पडद्याकडे.
“पडदेबुवा, पडदेबुवा, जरा सरका. ऊन येईना, पाणी भिजवेना, माती घेईना, मी हिरवा होईना.”
“मी आहे अडकलेला. चिमटा सुटेल, तर सरकेन.”

टुणुक टुणुक, दाणा गेला चिमट्याकडे. कपड्यांचाच चिमटा, पण तोरा बघा.
“चिमटेराव, चिमटेराव, सुटा ना. पडदा सरकेना, ऊन येईना, पाणी भिजवेना, माती घेईना, मी हिरवा होईना.”
“मी आहे घट्ट. कावेरी काढेल, तर सुटेन.”

टुण...क. टुण...क. दाणा दमला. अर्धा वाळला. तरी गेला.
कावेरी बसली होती कानटोपी घालून.
“कावेरीताई, कावेरीताई, चिमटा काढ. चिमटा सुटेना, पडदा सरकेना, ऊन येईना, पाणी भिजवेना, माती घेईना, मी हिरवा होईना.”
कावेरी म्हणाली, “पण मेथीला थंडी वाजेल. म्हणून तर मी पडदा लावलाय.”
“ताई, आमची थंडी पडद्याने जात नाही. उन्हाने जाते.”
कावेरी उठली.

कावेरीने काढला चिमटा. टक!
चिमटा सुटला, पडदा सरकला. सर्रर्र!
पडदा सरकला, ऊन आलं. थेट टबापर्यंत.
ऊन आलं, पाणी कोमट झालं. टप टप टप!
पाण्याने भिजवलं, माती मऊ झाली.
टुणुक! दाणा आला टबात. मातीने त्याला कुशीत घेतलं. गुडुप!

एक दिवस गेला. काही नाही.
दोन दिवस गेले. काही नाही.
तिसऱ्या दिवशी माती हलली. जराशी वर आली. खालून कुणीतरी ढकलत होतं.
कावेरी हळूच म्हणाली, “बाबा, एवढासा दाणा. त्याने डोक्यावर माती उचलली.”
बाबाही खाली बसले आणि बघत राहिले.
माती बाजूला झाली. दोन इवली पानं उघडली.
दाणा झाला हिरवा.