काबरीची सुटका

जनावरं मनातलं बोलत, त्या काळी एका धनगराला वाटलं, शेळीचं दूध आणि मेंढीची लोकर एकाच जनावरात मिळाली तर किती बरं. त्याने काबरी शेळीला एडक्याबरोबर कोंडलं. तिचा जीव टांगणीला लागला.

शेजारी म्हातारी खेचर मावशी बांधलेली होती. काबरीने तिला विचारलं, "मावशी, आमचं पिल्लू शेळ्यांत चरेल की मेंढ्यांत?"

"माझी आई घोडी, बाप गाढव," मावशी म्हणाली. "ओझं वाहायला मी सगळ्यांना हवी असते. माझ्या पोटी मात्र कुणी आलं नाही."

पावसाळा सरला, तरी काबरी काही गाभण राहिली नाही. शेवटी कंटाळून धनगराने दार उघडलं. काबरी थेट बाभळीच्या शेंगांकडे धावली.

"ताई, मलाही कुणी विचारलं नव्हतं," एडका म्हणाला आणि गवतात तोंड खुपसून निवांत चरू लागला.