जिथे नारळ, तिथे हद्द

वेळवाडीत पाणी शिरलं होतं, आणि राजा म्हणत होता की शिरलंच नाही!

दर उधाणाला समुद्र गल्लीतून फिरून जाई. भाताच्या खाचरांत मीठ साचलं. वाडीतल्या लोकांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. घरांची जोती चढवली, चुली माळ्यावर नेल्या. कोंबड्या बुडू लागल्या, तेव्हा बदकं पाळली. आता वाडीच्या डोक्यावरच्या माळावर घरं हलवू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण माळ पडला राजाच्या घोड्यांचा. घोडे किती? तीन. दोन म्हातारे आणि एक लंगडा!

शेवटी धाकू तांडेलाची लेक जिवी दरबारात गेली.

"पाणी?" राजाने भुवया चढवल्या. "दिवाणजी, वेळवाडीत समुद्र आहे का?"

"छे, महाराज! आपल्या पणजोबांचा कायदाच आहे. नारळी पौर्णिमेला राजाने सोडलेला नारळ, भरती पुरी होईल तेव्हा जिथे असेल, तिथे समुद्राची हद्द. त्याअलीकडे सगळी कोरडी जमीन. नारळ तर दर वर्षी किनाऱ्यावरच्या मानाच्या दगडावरच असतो!"

"मग माझ्या घरात गुडघाभर आहे ते काय?" जिवीने विचारलं.

"दव असेल," दिवाणजी म्हणाले.

"दवात मासे असतात होय, दिवाणजी? काल भावाच्या पाळण्याखाली एक सापडला!"

दरबार खुसखुसला. दिवाणजींचे कान लाल झाले.

मानाचा दगड कधीच पाण्याखाली गेला होता. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर वर्षी राजाची पालखी कमरेइतक्या पाण्यात जाई. राजा वाकून नारळ ठेवी आणि पाठ फिरवून जेवायला पळे. नारळ तरंगून वर यायच्या आत दिवाणजी त्याच्यावर पाय देत! पाणी गळ्याशी येईपर्यंत, डोक्यावरची पगडी सांभाळत, राज्याची हद्द पायाखाली दाबून हा थोर माणूस उभा राही. बायका पदराआड हसत आणि घरी जाऊन पाणी उपसत.

राजा मिशीवर ताव देत म्हणाला, "हद्द हलवायची आहे ना, पोरी? हलू दे की! पण माणसाच्या हाताने नाही. समुद्राला पुढे यायचं असेल तर त्याने स्वतः हद्द उचलून आणावी! आणली, तर माळ तुमचा. नाही आणली, तर वाडीने पुन्हा तोंड उघडायचं नाही, आणि तू जन्मभर माझ्या घोड्यांची लीद काढायची!"

दिवाणजी पोट धरून हसले.

"कबूल, महाराज!" जिवी म्हणाली. "पण हात कुणाचाच लागायचा नाही. तुमच्या माणसांचासुद्धा. आणि पायही नाही!"

"पाय कशाला लागतोय नारळाला? दिलं वचन!"

दिवाणजींचं हसू तिथेच वाळलं.

नारळी पौर्णिमा आली. सोन्याचा वर्ख लावलेला नारळ घेऊन पालखी पाण्यात उतरली. दिवाणजी हळूच म्हणाले, "महाराज, वारा फार आहे. नारळाला दोरीने धोंडा बांधू या का?"

"बांधा की!" जिवी काठावरून ओरडली. "बोट न लावता बांधा!"

राजाने नारळ पाण्याखालच्या दगडावर ठेवला आणि हात काढला. टुपकन नारळ वर! जुन्या सवयीने दिवाणजींचा पाय पुढे आला.

"पाय आवरा, दिवाणजी!"

काठावर हशा पिकला. राजाने वळून दिवाणजींच्या पायाकडे पाहिलं. पालखी जेवणाच्या मांडवाकडे गेली. मांडव होता थेट माळाच्या फाटकाशी. इथे समुद्राची हिंमत व्हायची नाही, असं दिवाणजींनीच सांगितलं होतं.

भरती चढू लागली. नारळ डुलत डुलत गल्लीत शिरला. बदकं त्याच्यामागे ओरडत निघाली आणि बदकांमागे सगळी वाडी, वरातीसारखी! पण जिवीच्याच घराच्या कोपऱ्यावर, कुंपणाच्या काट्यांत नारळ अडकला. पुढची लाट आली, गेली. नारळ हलेना. जिवीला समोर जन्मभराची लीद दिसू लागली, आणि पाळण्याखालचं पाणीही.

धाकूला राहवेना. त्याचा हात पुढे झाला.

"बाबा, हात मागे!" जिवी किंचाळली. "तुमचं बोट लागलं की वाडी बुडाली!"

तेवढ्यात मोठी लाट आली आणि नारळ सुटला! खाचरं ओलांडली, देवळाची पायरी ओलांडली, आणि पाणी चढायचं थांबलं तेव्हा तो मांडवात जाऊन राजाच्या जरीच्या जोड्याला टक्कन लागला. राजाच्या हातात नारळीभाताचा घास तसाच राहिला. त्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

जिवीने हात जोडले. "महाराज, हद्द आली! समुद्राने स्वतः आणली. आपल्या पणजोबांच्या कायद्याने आता वेळवाडी समुद्रात. आम्ही राहायचं कुठे, ते आपणच सांगा!"

"पण..." राजाने एक जोडा उचलून उलटा केला. भळाभळा पाणी पडलं. "पण हे इथवर आलं कसं?"

"समुद्र कुठला, महाराज? दव असेल!" जिवी म्हणाली. "विचारा की दिवाणजींना!"

राजा आधी जोड्याकडे बघत राहिला, मग दिवाणजींकडे. आणि मग असा हसला, असा हसला, की खुर्ची कलंडली आणि तो पाण्यात बसला तरी हसतच होता!

"उघडा रे ते फाटक! माळ वाडीचा! घरांना लागेल ते लाकूड माझ्या रानातलं! पोरी, तुला स्वतःला काय देऊ?"

"पुढच्या वर्षीही नारळ असाच मोकळा सोडा, महाराज. समुद्र अजून चालतोच आहे."

"सोडला! आणि माझे घोडे?"

"राहू देत बिचारे. म्हातारपणी कुठे जातील? चारा-पाणी आम्ही बघू. लिदीचं तेवढं तुम्ही बघा."

राजाने डोळे पुसले आणि वळून म्हणाला, "दिवाणजी, पाय तर आता मोकळे झाले तुमचे! हात कसे आहेत?"

आणि मांडवातल्या केरसुणीकडे बोट दाखवून तो पुन्हा खदखदा हसू लागला.