बुवांची पिकदाणी

“पण बुवा, आधी कुठली वायनरी, ते तरी सांगाल की नाही?”

हे पद्माकर बेलसरे तिसऱ्यांदा विचारत होता. निवृत्तीबुवा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना, मोठा रस्ता सोडून थोडं आत, टेकडीच्या उतारावर बुवांचा लहानसा मठ आहे. अंगणातून खाली बघावं तर द्राक्षाचे मळेच मळे. बुवांचा उभा जन्म वाइन चाखण्यात गेला. त्यांनी घोट घेऊन मान डोलावल्याशिवाय पिंपातली वाइन बाटलीत जात नसे. मग एक दिवस नोकरी सोडून ते इथे येऊन राहिले. नाव निवृत्ती, तेव्हा लोकांनी त्यावर काय विनोद करायचे ते सगळे करून घेतले. पण पहिल्यांदाच मळे बघायला निघालेली माणसं अजूनही वाट वाकडी करून त्यांचा सल्ला घ्यायला येतात.

पद्माकर त्यांतलाच. नगरच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. साखरेची दारू कशी होते हे त्याने डोळे मिटून फळ्यावर मांडलं असतं, पण वाइनचा थेंब काही त्याच्या ओठाला कधी लागला नव्हता. नाशिकला भाच्याचं लग्न उरकून तो बायकोला, हेमांगीला, घेऊन सरळ मठात आला होता. संक्रांतीनंतर त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तो दिवस द्राक्षांच्या मुलखात घालवायचा, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने फोनवरचा नकाशा बुवांपुढे धरला.

“हे बघा. सकाळी इथून सुरुवात, मग ही, मग धरणाकाठची. संध्याकाळपर्यंत सहा वायनऱ्या.”

“सहा?”

“सहा.”

“सहाच का?”

पायरीवर बसलेली हेमांगी म्हणाली, “भावोजींनी पाच केल्या म्हणून.”

भावोजी म्हणजे मोहनीराज. हेमांगीच्या थोरल्या बहिणीचा, मालूताईचा नवरा, म्हणजे पद्माकरचा साडू. पाऊस सरता सरता तो वाइनची सहल करून आला आणि पद्माकरचं सुख संपलं. भाऊबीजेला मेव्हण्याकडे सगळे जमले होते. मोहनीराजने कोकम सरबताचा पेला गोल गोल फिरवला, नाक पार आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “ओलं लाकूड... आणि किंचित जांभूळ.”

तेही एक वेळ चाललं असतं. पण हेमांगी खळखळून हसली आणि म्हणाली, “भावोजी, अजून एकदा करा ना!”

अजून एकदा... एवढ्या वर्षांत पद्माकरच्या कुठल्याही बोलण्याला ती असं म्हणाली नव्हती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही लागत नव्हतं. मठात आल्या आल्या त्याने ही भाऊबीज बुवांना दोनदा ऐकवली होती.

काल लग्नाच्या पंगतीतही तो साडूच्या विषयावर घसरला, तेव्हा हेमांगी शांतपणे म्हणाली होती, “मग भावोजींनाच घेऊन जा. मी काही येत नाही.”

ती मस्करी करत नव्हती. पद्माकरने ते मनावर घेतलं नव्हतं, आणि त्याचं तोंड थांबत नव्हतं.

बुवांनी फोन बाजूला सारला.

“तुला थुंकता येतं का?”

“काय?”

“तिथे चार पेले पुढे मांडतात. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि टाकून द्यायचा. टेबलाटेबलावर पिकदाणी असते. गिळत गेलास तर दुसऱ्या पेल्यापासून सगळं एकसारखं लागतं.”

“चांगली वाइन थुंकायची?” पद्माकरला ते पटेना. पानात वाढलेलं संपवल्याशिवाय उठायचं नाही, या शिस्तीत तो वाढला होता. “मोहनीराजने तर एक थेंब टाकला नाही म्हणे.”

“मग त्याला काय आठवतंय?”

“पाचही वायनऱ्यांची नावं. घडाघडा म्हणून दाखवतो.”

“आणि तुला?”

“मलाही पाठ झालीत आता.” पद्माकर कडवटपणे म्हणाला. “पण मी अजून गेलोय कुठे?”

“गेला नाहीस? मग भाऊबीज तोंडात घोळवत तिथे रोज कोण फिरतंय?”

बुवा उठले. आतून एक जुनी पितळी पिकदाणी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. पिकदाणी त्यांनी पद्माकरच्या पुढ्यात ठेवली आणि भांड्यात पाणी ओतून त्याला दिलं.

“तोंडात धर आणि चव सांग.”

“शुद्ध पाण्याला चव नसते, बुवा. शास्त्र असं सांगतं की...”

“आधी तोंडात धर. गिळायचं नाही. बोलायचं नाही.”

पद्माकर गाल फुगवून बसला. प्राध्यापक माणूस तो. समोर दोन माणसं बसलेली असताना गप्प राहायची त्याला सवय नव्हती.

बुवा हेमांगीकडे वळले. “ताई, तुम्हाला काय बघायचंय तिथे?”

ती गोंधळली. एवढे दिवस घरात सहलीचं घोळत होतं, पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

“मला? ...मला वेलांखालून चालायचंय, बुवा. घड हातात घेऊन बघायचाय. एखादा पेला चाखायचा, आवडला तर आवडला. मग सावलीत बसून डबा उघडायचा. ह्यांच्यासाठी गुळाच्या पोळ्या करून नेणार होते.”

“किती मळे?”

“एक पुरे. घाई कसली आहे?”

गुळाच्या पोळ्या... पद्माकरला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात पाणी होतं.

“मग भाऊबीजेला ‘अजून एकदा करा’ का म्हणालात?” बुवांनी विचारलं.

हेमांगीने पदर तोंडाला लावला.

“अहो बुवा, नाक बुडालं होतं त्यांचं! सरबतात! शेंड्यावर लाल थेंब लोंबतोय, आणि भावोजी डोळे मिटून म्हणतायत, ओलं लाकूड! मालूताईचं लक्ष नव्हतं. म्हटलं, अजून एकदा नाक घातलं तर तिलाही दिसेल.”

पद्माकरचे डोळे मोठे झाले. पोटातून हसू उसळलं. पाणी तोंडात राहीना. निम्मं कसंबसं पिकदाणीत गेलं, निम्मं बुवांच्या शेंगांवर उडालं. ठसका लागेपर्यंत तो हसला. त्याला बघून हेमांगीही हसली. भाऊबीजेनंतर दोघं पहिल्यांदाच एकत्र हसत होती, आणि पद्माकरला फार फार बरं वाटलं.

“चव कळली?” बुवांनी विचारलं.

“कसली चव घेऊन बसलात, बुवा!” त्याने रुमालाने तोंड पुसलं. “म्हणजे बघा, त्या मोहनीराजला साधा वासही धड घेता येत नाही! आता मी सहा वायनऱ्या करून आलो ना, की पुढच्या भाऊबीजेला सगळ्यांसमोर त्याला...”

हेमांगीचं हसू मावळलं. तिने मान वळवली आणि ती खालच्या मळ्यांकडे बघत बसली.

पद्माकरने ते पाहिलं. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ही खरंच येणार नाही, हे आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं.

“हेमा...”

तिने वळून पाहिलं नाही.

बुवांनी पिकदाणी उचलली. जास्वंदीच्या आळ्यात रिकामी केली, राखेने घासली, विसळली, पंच्याने कोरडी केली आणि आणून पद्माकरच्या मांडीवर ठेवली.

“घेऊन जा.”

मांडीवर पिकदाणी घेऊन तो ओशाळून बसून राहिला. त्याने नकाशा उघडला, सहापैकी एक खूण पुसली. मग दुसरी... शेवटी एकच उरली. फोन त्याने हेमांगीपुढे धरला.

“इथे वेलांखालून चालू देतात का, ते विचारून घेतो,” तो हळूच म्हणाला.

हेमांगीने फोनकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग शेजारची पिशवी ओढली, लग्नात आलेलं आहेराचं लुगडं बाजूला सारलं आणि पिशवीचं तोंड पिकदाणीपुढे उघडून धरलं.

“पोळ्यांचा डबा मी वेगळ्या पिशवीत घेईन,” ती म्हणाली.

पद्माकरचा जीव भांड्यात पडला. पण शिकवणारा माणूस, शंका विचारल्याशिवाय उठवेना.

“बुवा, ही बरोबर कशाला? तिथे टेबलाटेबलावर पिकदाणी असते म्हणालात ना?”

बुवा पुन्हा शेंगा फोडायला बसले होते.

“तिथली वाइनसाठी असते.”