बापाची हाळी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराला टेकलेल्या एका गावात घंटा ओतणारा एक कारागीर राहत होता. त्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. रानात चरणाऱ्या गाईच्या गळ्यातली घंटा नुसती ऐकून, गाय कुणाची हे तो घरबसल्या सांगे.

त्या गावाची एक रीत होती. डोंगरावर चकवा फिरतो, ओळखीच्या आवाजात नावानं हाक मारतो आणि पोरांना कड्याकडे नेतो, असं लोक मानत. तुम्ही हसाल, पण त्या गावात कुणी हसत नसे. म्हणून आई आणि बाप आपापल्या लेकरासोबत एकेक हाळी ठरवत, खेळता खेळता, फक्त हाळी देणाऱ्याला आणि त्या लेकराला ठाऊक असलेली. ती कानावर आल्याशिवाय धुक्यात पोरांनी ओ द्यायची नाही.

कारागिराला सात वर्षांची मुलगी होती. आईची हाळी तिला पाठ होती. बापाच्या हाळीसाठी मात्र ती रोज भट्टीपाशी घुटमळायची. तो म्हणायचा, "एवढी घंटा होऊ दे, मग बसू." ती घंटा व्हायची आणि दुसरी यायची. माणूस वाईट नव्हता हो. हे सारं तिच्यासाठीच तर चाललंय, असं त्याला मनापासून वाटे.

एकदा आई माहेरी गेली होती. मुलगी रानफुलं वेचायला डोंगरावर गेली आणि भरदुपारी धुकं उतरलं. बाप धावला. तिच्या नावानं हाका मारून मारून त्याचा घसा बसला, तरी उत्तर येईना.

तिन्हीसांजेला धुकं विरलं. मुलगी दहा पावलांवर, एका दगडाआड अंग चोरून बसली होती. थंडीनं तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

तिला पोटाशी धरून त्यानं विचारलं, "एवढा ओरडलो गं, ओ का दिली नाहीस?"

"ऐकत होते, बा," ती म्हणाली. "पण तो तूच आहेस, हे मी कशावरून ओळखायचं?"

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तो घराकडे निघाला.

मुलीला आठ दिवस ताप होता, आणि आठही दिवस भट्टी थंड राहिली. घंटेसाठी आलेली माणसं दारातूनच परत गेली. आत बाप मुलीच्या उशाशी बसून तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढत होता आणि पुन्हा चुकला म्हणून तिची बोलणी खात होता.

मुलांसाठी कितीही राबा, मुलं आईबापाला ओळखतात ती त्यांच्यासोबत घालवलेल्या वेळावरूनच.